जन्मदाखल्यावर 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब': नोंद दुरुस्त करावी की गॅझेट?

सांगली-साताऱ्याकडं ही अडचण घरोघरी आहे. हाक मारताना बाळासो, दादासो, आप्पासो. कागदावर मात्र कुठं 'सो', कुठं 'साहेब'. माझ्या पुतणीचा जन्म मिरजेला झाला. दवाखान्यात माहिती सांगायला तिचा मामा होता. त्यानं सवयीनं वडिलांचं नाव 'बाळासो' सांगितलं आणि तसंच ते लिहिलं गेलं. माझ्या भावाच्या शाळेच्या दाखल्यापासून पॅनपर्यंत सगळीकडं 'बाळासाहेब'. पोरीच्या शाळाप्रवेशाला हे उघडं पडलं, तेव्हा भेटेल तो म्हणायचा, "गॅझेट करून टाका, मिटलं."

गॅझेटनं हे मिटत नाही. गॅझेटात, म्हणजे सरकारी राजपत्रात, नाव छापून येतं म्हणजे अमुक नावाचा माणूस यापुढं तमुक नाव लावणार, हे जाहीर होतं. लग्नानंतर नाव बदललं, आडनाव बदलायचं ठरवलं, तर तोच रस्ता योग्य. पण आमच्या भावानं नाव कधी बदललंच नव्हतं. चूक नोंदीत होती, आणि राजपत्र छापून आलं तरी जन्माच्या रजिस्टरातली ओळ आपोआप हलत नाही.

नोंद दुरुस्त करायचा अधिकार निबंधकाचा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा, 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम 15 खाली. हा निबंधक कुठला, इथंच लोक फसतात. आम्हीही जत तालुक्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीत दोन हेलपाटे घातले. नोंद राहत्या गावात नसते, जन्म जिथं झाला तिथं असते. मिरजेचा जन्म म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिका. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर बाळाचा दाखलाही त्याच गावचा.

तिथं गेल्यावर आधी एकच विचारा: दवाखान्यानं पाठवलेल्या जन्म अहवालात, म्हणजे नमुना 1 मध्ये, काय लिहिलंय? अहवालात बरोबर आणि दाखल्यात काना-वेलांटी चुकली असेल, तर ती उतरवतानाची चूक. काम हलकं आहे. अहवालातच चुकलं असेल तर पुरावे लागतात, आणि खरी हकिकत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह माणसांचं निवेदन लागतं. आमचं हे दुसरं प्रकरण होतं.

तिसरा रस्ता लोक विसरतात: दाखला तसाच ठेवून बाकीचे कागद बदलायचे. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यातच 'बाळासो' असेल आणि फक्त आधारवर 'साहेब' पडलं असेल, तर चूक जन्मनोंदीत नाहीच. आधार बदला. मी तरी अशा वेळी रजिस्टरला हात लावू देणार नाही.

मुलाची जन्मतारीख चुकली असेल तर गॅझेटच्या नादाला लागूच नका, दवाखान्याचे कागद घेऊन थेट निबंधकाकडं जा. आणि बाळाच्या नावाचा रकाना कोराच असेल तर ती दुरुस्ती नव्हे. कलम 14 खाली नाव घालून घ्यायचं असतं, त्याचा अर्ज वेगळा.

1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या आईबापांनी तर हे काम पुढं ढकलू नये. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सगळीकडं जन्माचा पुरावा म्हणून याच दाखल्याला धरलं जाणार आहे. पासपोर्टला जन्मतारखेसाठी त्यांना दुसरा कागद चालत नाही.

पुतणीच्या नोंदीत मूळचं 'बाळासो' आजही तसंच आहे, कायद्यानं ते खोडत नाहीत. शेजारी समासात दुरुस्ती, खाली सही आणि तारीख. नवी प्रत मिळाल्यावर खिडकीवरून हलायच्या आधी भावानं ती अक्षर न् अक्षर वाचली, इंग्रजी स्पेलिंगसकट. तिथं एक 'एच' राहिला होता. तो त्याच दिवशी घालून घेतला.