गांधींचे दहा रुपये, टांकसाळीचा नवा संच की राणीछाप रुपया?

माझी भाची कोपरखैरण्याला राहते. मागच्या महिन्यात ठाण्याला माझ्याकडे आली, तेव्हा कपाटातला नाण्यांचा डबा बघून म्हणाली, "मावशी, मलाही सुरू करायचंय. पण चांदीची नाणी, आणि परवडतील अशी. दर दोन-तीन महिन्यांनी एक घेईन. आधी काय घेऊ?" मोबाईलवर तिने चार पर्याय काढूनच ठेवले होते: सरकारी टांकसाळीचा शंभर रुपयांचा संच, गांधींचे जुने दहा रुपये, राणीछाप (म्हणजे ब्रिटिश काळातला, व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला) रुपया आणि सराफाकडचं लक्ष्मीचं नाणं. चारही चांदीचे, पण चौघांचे हिशेब निरनिराळे. नौपाड्यात, वाशीत हाच प्रश्न मला आणखीही काही जणांनी विचारलाय, म्हणून तिला जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहिते.

सराफाकडचं आधी बाजूला काढू. लक्ष्मीपूजनाला जांभळी नाक्यावर गर्दी करून आपण जे घेतो, ते खरं तर नाणं नसतंच. नाणं काढायचा हक्क फक्त केंद्र सरकारचा, बाकी सगळी पदकं. त्यातली चांदी बहुतेक वेळा ९९९ (हजारात ९९९ भाग चांदी), म्हणजे शुद्धतेत ते सगळ्यांना मागे टाकतं. पण घेताना चांदीच्या भावावर मजुरी आणि ३ टक्के जीएसटी पडतो, आणि विकायला गेलं की ते दोन्ही गेलेले असतात. पूजेला, बारशाला, चांदी साठवायला ते उत्तमच. संग्रहासाठी मात्र नाही. त्यावर टांकसाळीची खूण, म्हणजे नाणं कोणत्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारं बारीक चिन्ह, नसते, ते कोणत्या घटनेसाठी निघालं याची सरकारी नोंद नसते, आणि पुढच्या दुकानात तसंच दुसरं मिळतं.

उरले तीन. त्यांची तुलना करायची तर आधी एक साधा गुणाकार शिकून घ्यावा: वजन गुणिले शुद्धता. नाण्यात खरी चांदी किती, ते यातून कळतं. गांधींचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं आणि ८० टक्के चांदीचं, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. ब्रिटिश काळातला बंदा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, शुद्धता ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. टांकसाळीचं शंभराचं मोठं नाणं ३५ ग्रॅमचं, पण चांदी निम्मीच, म्हणजे १७.५ ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने गुणलं की चांदीचे किती आणि नाण्याचे किती हे स्वच्छ दिसतं. विक्रेता काहीही सांगो, हा आकडा कागदावर लिहूनच मी बोलणी सुरू करते.

आता टांकसाळीचा संच. आपल्या चार टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची तर आपल्या दारातच, फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर. टांकसाळीच्या संकेतस्थळावर अधूनमधून नवीन स्मारक नाण्यांचं, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांचं, बुकिंग खुलं होतं. दर्शनी किमती कधी कधी मजेशीर असतात. डॉ. आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीला २०१५ मध्ये १२५ रुपयांचं नाणं निघालं, नव्या संसद भवनासाठी २०२३ मध्ये ७५ रुपयांचं. बऱ्याच वर्षांचा ठरलेला साचा असा: ४४ मिलिमीटर व्यास, ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. अलीकडची काही नाणी मात्र ४० ग्रॅमची आणि ९९९ चांदीची आहेत, त्यामुळे बुकिंग करताना धातूची ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

संच दोन प्रकारचे. 'प्रूफ' म्हणजे पॉलिश केलेल्या ठशांनी पाडलेलं, पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधाळ. 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे नेहमीच्या पद्धतीने पाडलेलं, फक्त बाजारात न फिरलेलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसरा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. प्रूफचे जास्तीचे पैसे त्या आरशाचे असतात, आणि त्या आरशावर एक बोट पडलं की ठसा कायमचा राहतो. नवशिका बोट लावतोच. नाणं हातात घ्यावंसं वाटणं हे या छंदाचं मूळ आहे, ते दाबून का ठेवायचं?

संचाची जमेची बाजू एकच, पण फार मोठी: खोटं मिळण्याची भीती नाही. डबीसकट, माहितीपत्रकासकट थेट टांकसाळीतून येतं. उणी बाजू किमतीची. संचाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा बरीच चढी असते, आणि नंतर विकताना सगळ्याच संचांना ती परत मिळते असं नाही. 'आपल्याला ज्या माणसाबद्दल किंवा घटनेबद्दल जिव्हाळा आहे तेवढेच संच घे,' हे मी भाचीला दोनदा सांगितलं. निघेल तो प्रत्येक संच घ्यायला लागलं की पगार तिथेच संपतो.

गांधींच्या दहा रुपयांवर माझा जीव आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार. स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ मध्ये नेहरूंची निघाली, पण ती निकेलची. चांदीचं पहिलं १९६९ मधलं, गांधीजींच्या जन्मशताब्दीचं. ३४ मिलिमीटरचं, तळहातावर ठेवलं की वजन जाणवतं. गंमत अशी की त्यावर १९६९ हे साल कुठेच नाही. आहे ते फक्त १८६९–१९४८. नवे लोक म्हणूनच गोंधळतात आणि विकणाऱ्याला विचारतात, हे '४८चं आहे का? ही नाणी लाखोंनी पाडली गेली, आणि कित्येक घरांत कुणी तरी एखादं जपून ठेवलं. त्यामुळे ती आजही सहज मिळतात आणि चांगल्या अवस्थेतलं नाणंसुद्धा चांदीच्या भावाच्या फार वर जात नाही.

त्याच्या मागोमाग १९७० आणि १९७१ मध्ये 'सब के लिए अन्न' या विषयावर दहाचीच नाणी आली, तीही १५ ग्रॅम, ८० टक्के. मग १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी दहा रुपयांचं नाणं मोठं झालं, २२.५ ग्रॅमचं, पण चांदी उतरून ५० टक्क्यांवर आली. १९७३ मध्ये २० रुपयांचं ३० ग्रॅमचं नाणं आलं, तेही निम्म्या चांदीचं. १९७४ मध्ये तर दहाच्या नाण्यातून चांदी पार गेली, ते तांबं-निकेलचं झालं आणि चांदी ५० रुपयांच्या नाण्यात गेली. ही पाच-सहा नाणी ओळीने मांडली की त्या काळातली महागाई डोळ्यांनी दिसते. कुठल्याही नव्या संचात मला हे सापडत नाही, आणि याच कारणासाठी माझा कौल या ओळीला आहे. एकेक करत दीड-दोन वर्षांत ती पुरी होते.

राणीछाप आणि राजाछाप रुपये ही स्मारक नाणी नव्हेत, पण आपल्याकडे चांदीची आवड बहुतेक तिथूनच सुरू होते. आजीच्या पूजेतले रुपये प्रत्येकाने पाहिलेले असतात. पंचम जॉर्जचा १९११चा रुपया तर गोष्टीचाच आहे. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, लोक भडकले, आणि सरकारने उरलेली नाणी वितळवून पुढच्या वर्षीपासून हत्ती सुधारून घेतला. तो १९११चा रुपया महाग पडतो, पण १९१२ नंतरचे साधे रुपये परवडतात. १९४० ते १९४५चे षष्ठम जॉर्जचे रुपये निम्म्या चांदीचे आहेत, त्यांच्या कडेला मधोमध एक खाच असते. पूर्ण चांदीचा म्हणून तो कुणी देऊ लागला तर कड बघायची. १९४७चा रुपया चांदीचा नाहीच, निकेलचा.

धोका आहे तो इथेच. पाच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी व्हिक्टोरियाचा रुपया घेतला. छान काळवंडलेला, जुना दिसणारा. घरी काट्यावर ठेवला तर १०.४ ग्रॅम. झीज एवढी नसते. भिंगातून पाहिलं तर राणीच्या गालावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, म्हणजे साच्यात ओतलेला. ठशाने पाडलेल्या नाण्यावर असे खड्डे येत नाहीत. त्या दिवसापासून ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा माझ्या पर्समध्ये असतो, आणि वजन करू न देणाऱ्याकडून मी काहीही घेत नाही. तसंच, ईस्ट इंडिया कंपनीचं राम-दरबाराचं किंवा हनुमानाचं नाणं कुणी दाखवलं तर सरळ पुढे जायचं. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही, ती देवळांतून मिळणारी टोकनं आहेत. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असा रिझर्व्ह बँकेच्या नावाने निरोप आला तर तो फसवणुकीचा. बँकेने २०२१ मध्येच याबद्दल सावध केलं होतं.

परदेशी नाण्यांबद्दल थोडक्यात. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकची चांदीची नाणी देखणी आहेत, पण बाहेरून मागवली की सीमाशुल्क आणि टपालखर्चात परवडणं संपतं. इथल्या विक्रेत्याकडे समोर मिळालं तरच विचार करावा. आणि उलट बाजूने, शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्याला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या भावाला राणीछाप रुपया भेट द्यायचा विचार असेल तर तो इथेच ठेवावा.

ठेवण्याबद्दल एक वेदनेची गोष्ट सांगते. आईकडे पंचम जॉर्जचे सात रुपये होते. दर दिवाळीला ती ते रांगोळीने घासून लख्ख करायची, भक्तिभावानेच. मला मिळाले तेव्हा राजाची दाढी सपाट झाली होती आणि हत्ती ओळखू येत नव्हता. चांदी तेवढीच, नाणं मात्र गेलं. म्हणून रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, पितांबरी यांपैकी काहीही नाण्याला लावायचं नाही. चांदीचं काळवंडणं हे नाण्याचं वय आहे, ते राहू द्यायचं. खाडीकाठची आपली दमट हवा पावसाळ्यात जास्त त्रास देते, तेव्हा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या बदलत राहाव्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, रबरबँड लावू नये, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तो तर निघता निघत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. सरकारी नाणी वितळवायला २०११च्या नाणेकायद्याने मनाई आहे. म्हणजे अडीनडीला मोडून चांदी करू, हा विचार सरकारी नाण्यांच्या बाबतीत धरूच नये. नाणं नाणं म्हणूनच दुसऱ्या संग्राहकाला विकायचं असतं, आणि तो अवस्था बघतो.

हे सगळं ऐकून भाचीने लक्ष्मीचं नाणं दिवाळीवर ढकललं आणि संचाचं बुकिंग थांबवलं. मागच्या रविवारी आम्ही दोघी एका ओळखीच्या विक्रेत्याकडे गेलो. तिने गांधींची चार नाणी पुढ्यात मांडून घेतली, एकेक काट्यावर ठेवलं, भिंगाने कड पाहिली आणि तिसरं उचललं. काटा १४.९७ दाखवत होता. त्या नाण्यावर सालाखाली टांकसाळीची टिंबासारखी खूण आहे का, यावर परतीच्या गाडीत ऐरोली येईपर्यंत आमचा वाद चालला होता.