हातातल्या लिनक्स हँडहेल्डवर हीरोज २: एफहीरोज२ कसं चालतं

हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक २ हा १९९६ चा, हिरो आणि सैन्य घेऊन नकाशावर पाळीपाळीने खेळायचा कॉम्प्युटर गेम, न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगचा, आणि मी तो इतक्या वेळा खेळलोय की रोलँड आणि आर्चिबाल्ड या दोन भावांचं गादीवरून झालेलं भांडण मला तोंडपाठ आहे. तरी गेले दोन महिने रोज रात्री तोच चालू आहे, फक्त आता छोट्या लिनक्स हँडहेल्डवर (हातात धरायचा गेम कन्सोल), मध्ये डॉसबॉक्स (जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्रॅम) वगैरे न घालता, एफहीरोज२ या ओपन सोर्स इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या, कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोग्रॅमवर.

हे एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, नाहीये बरं का. गेमचं इंजिन सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिलंय, पण चित्रं, आवाज, नकाशे सगळं मूळ गेममधलंच लागतं, त्यामुळे गेम विकत घेतलेला हवा आणि त्यातले डेटा, मॅप्स वगैरे फोल्डर हँडहेल्डच्या मेमरी कार्डवर टाकायचे. गेम नसेल तर जुन्या फुकट डेमोच्या फायलींवर पण चालतं, पण मग खेळायला नकाशा एकच मिळतो. इंजिन पोर्टमास्टर या हँडहेल्डवर गेम टाकायच्या ॲपमधून टाकलं, अर्ध्या तासात सगळं उरकलं.

आता खरी गंमत. मूळ गेम ६४० बाय ४८० पिक्सेलमध्ये चालायचा आणि माझ्या हँडहेल्डची ३.५ इंची स्क्रीन पण बरोब्बर ६४० बाय ४८०, म्हणजे चित्र ताणलं जात नाही की कडेला काळ्या पट्ट्या येत नाहीत, जे काढलंय ते जसंच्या तसं दिसतं. मोठ्या मॉनिटरवर ग्रिफिन या गरुड-सिंह प्राण्याचे पंख मला कायम पुसट वाटायचे, इथे एकदम कोरीव दिसतात. अक्षरं मात्र बारीक आहेत, चष्मा असलेल्यांना डोळ्यांजवळ धरावं लागेल.

कंट्रोलला हात बसायला आठवडा गेला. डाव्या स्टिकने पॉइंटर, उजव्याने नकाशा सरकतो, क्लिकला बटणं. नकाशावर काही त्रास नाही, पण लढाईत षटकोनी घरं छोटी असतात. एकदा भुतांशी लढत होतो, आणि भुतांचं असं की ती जितके मारतील तितकी त्यांचीच संख्या वाढते, म्हणून त्यांना लांबूनच टिपायचं. माझे ग्रँड एल्फ (धनुर्धारी सैनिक) एका फेरीत दोनदा बाण मारतात, फुल कॉन्फिडन्समध्ये होतो, पण पॉइंटर एक घर सरकला आणि एल्फ बाण मारायचं सोडून शेजारच्या घरात चालत गेले, पाळी वाया, भुतं उडत येऊन अंगावर, आणि १४ ची बघता बघता २० च्या वर गेली. त्या रात्री कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उघडून कंट्रोलरच्या पॉइंटरचा स्पीड कमी केला, तेव्हापासून असं झालं नाही. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

इंजिनवाल्यांनी जे वाढवलंय ते खूप समजून वाढवलंय, याचं मला मनापासून कौतुक आहे. लढाईत पुढची पाळी कोणाची ते वर दिसतं, समोरचं सैन्य किती ते मोघम शब्दांऐवजी आकड्यात बघता येतं, आणि ऑटोसेव्ह आहे, हँडहेल्डची बॅटरी कधीही संपते त्यामुळे हे फार महत्त्वाचं. समोरून खेळणारा कॉम्प्युटर पण पूर्वीपेक्षा हुशार खेळतो, मोकळी खाण दिसली की सोडत नाही, मला पहिले दोन नकाशे हरवलेच त्याने. आणि हे सगळं नको असेल तर बरंचसं बंद करता येतं, गेमचा मूळ स्वभाव कुठेही बिघडवलेला नाही.

१४४ बाय १४४ घरांच्या सगळ्यात मोठ्या नकाशांवर शेवटी शेवटी कॉम्प्युटरच्या पाळीला माझ्याकडे चांगलाच वेळ लागतो, म्हणून मी ७२ किंवा १०८ वालेच घेतो. त्यावर एकदम स्मूथ. गेम पाळीपाळीचा असल्यामुळे मध्येच कोणी हाक मारली तर हँडहेल्ड झोपवायचा, परत उघडला की हिरो तिथेच उभा.

फक्त डी-पॅड (चार दिशांची बटणं) असलेला, स्टिक नसलेला हँडहेल्ड असेल तर मी हे सुचवणार नाही. दोन स्टिक आणि ६४० बाय ४८० स्क्रीन असेल तर आजच टाका. मी सध्या अल्टिमेट आर्टिफॅक्टच्या, म्हणजे नकाशात कुठेतरी पुरलेल्या ताकदवान वस्तूच्या मागे आहे, ओबेलिस्क (नकाशावरचे दगडी खांब) फिरून ती कुठे आहे त्या कोड्याचे बहुतेक तुकडे उघडलेत, पण खणायला हिरोची दिवसभराची पूर्ण चाल लागते, म्हणून त्याला आज संध्याकाळी त्या झाडांशेजारी नेऊन थांबवलंय, उद्या सकाळची पाळी आली की पहिलं फावडं मारणार.