सावित्री नदी, उगम ते खाडी, दोन दिवसांची ट्रिप: सर भारी, टाइमटेबल गंडलेलं

साडेतीन स्टार. अर्धा स्टार जेवणाचा कापला आणि एक पूर्ण टाइमटेबलचा.

आधी आयडिया काय ते सांगतो कारण आयडिया खरंच जबरदस्त आहे. महाबळेश्वरला सावित्री उगम पावते तिथून सुरू करायचं, आंबेनळी घाटाने पोलादपूर, मग महाड, दासगाव आणि शेवटी बाणकोटची खाडी, म्हणजे एकच नदी डोंगरापासून समुद्रापर्यंत. ही नदी इनमीन शंभर-एकशे दहा किलोमीटरची, त्यामुळे दोन दिवसांत अख्खी बघून होते. हेच कृष्णेचं करायला गेलात तर 1400 किलोमीटर, पार आंध्रात जावं लागेल.

सोबत भूगोलाचे एक रिटायर्ड सर होते आणि पैसे वसूल झाले ते त्यांच्यामुळेच. आर्थर सीटला सगळे सेल्फीत बिझी असताना त्यांनी दाखवलं की एका बाजूला खाली सावित्रीचं खोरं आणि दुसऱ्या बाजूला जोरचं खोरं, ते पाणी कृष्णेत जातं. मधे फक्त डोंगराची एक चिंचोळी धार. अलीकडे पडलेला पाऊस अरबी समुद्रात, पलीकडचा बंगालच्या उपसागरात. आणि कोकणाकडचा उतार इतका खडा आहे की पाणी बाजूला पसरतच नाही, नुसतं खाली कापत जातं, म्हणून दरी इंग्रजी व्ही सारखी, तळाला नदीपुरतीच जागा. कड्यात लाव्हाचे आडवे थर अगदी स्वच्छ दिसतात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे वगैरे.

पण मग पॉइंट, मंदिर, मार्केट, स्ट्रॉबेरी क्रीम यात दुपारचे तीन वाजवले राव! हे सगळं बघायला लोक एरवीही येतातच की. त्याचा फटका पुढे बसला.

घाट उतरून पोलादपूरजवळ पात्रात उतरवलं, ट्रिपमधला बेस्ट पार्ट हा. वर ओढ्यातून उचललेला एक दगड सरांनी पिशवीत आणलेला, कडा धारदार, भोकाभोकांत पांढरे खडे भरलेले. तो हातात दिला आणि म्हणाले आता इथला एक उचला. इथले सगळे गुळगुळीत, बटाट्यासारखे, आपटून आपटून कोपरे गेलेले. घाटातली खडी दरी इथे उघडते, उतार कमी होतो, पाण्याला मोठे गोटे पुढे न्यायची ताकद राहत नाही मग ते इथेच टाकून देतं, म्हणून मधेमधे गोट्यांची बेटं झालेली. एका काकूंनी विचारलं, "सर, मग नदी खाली गेल्यावर रुंद का होते, पाणी तर तेच ना?" सर म्हणाले, "तेच कुठे ताई, वाटेत किती नद्या येऊन मिळतात बघा. आणि खाली कापायला उतारच उरला नाही की ती काठ खायला लागते."

एवढं रंगलेलं असताना कोऑर्डिनेटरची शिट्टी. वीस मिनिटांत चला चला.

महाडला मुक्काम. हॉटेल ठीक, जेवण म्हणजे गार पोळ्या आणि डाळीत पाणी, असो. सकाळी पुलाजवळ थांबलो. इंग्रजांच्या काळातला जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला तो इथलाच. गांधारी आणि काळ या नद्या महाडच्या आसपासच सावित्रीला मिळतात, पात्र सपाट, आणि वर भरतीचं पाणी खाडीतून जवळपास इथपर्यंत चढतं. म्हणजे घाटमाथ्यावरचा पाऊस धो धो येतोय, पुढे उतार नाही आणि त्यात भरती असली तर पाण्याने जायचं कुठे? 2021 च्या जुलैत महाड बुडलं ते आठवत असेलच. सरांना यावर अजून बोलायचं होतं पण गाडी सुटली. याच ठिकाणी दोन तास द्यायला हवे होते.

दासगावच्या पुढे नदीची खाडीच होते, लांबलचक वळणं, दोन्ही काठाला चिखल आणि कांदळवन. गोटे नाहीत, वाळूही कमी, बोटांत धरला तर पिठाइतका मऊ गाळ. शेवटी वेसवीहून फेरीबोटीने बागमांडला, इथे पात्र एवढं रुंद की वर घाटात उडी मारून ओलांडलेली हीच ती नदी हे पटत नाही. हिमयुगात समुद्र शंभर-सव्वाशे मीटर खाली होता, नंतर पाणी चढलं आणि नदीची जुनी दरीच बुडाली, त्याची ही खाडी. म्हणून इथे कृष्णेसारखा त्रिभुज प्रदेश नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण भरती, त्यामुळे चिखलाचे पट्टे सगळे पाण्याखाली. आयोजकांनी भरती-ओहोटी बघून टाइम ठरवायला काय हरकत होती? बुक करणार असाल तर आधी फोन करून विचारा की बाणकोटला ओहोटीच्या वेळी पोचवणार का, आणि सर सोबत आहेत का. पावसाळ्यात नको, घाटात दरडी येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, ओढ्यांना पाणी असतं आणि पात्रातही उतरता येतं. चपला नको, ग्रिपवाले सँडल न्या.