ब्लूटूथ स्कॅनर आणि घाटात पडणारं रेल प्रेशर : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी बीएस-४ कॉमन रेल डिझेल पिकअप आहे. रेल म्हणजे पंपाने प्रचंड दाबाने भरलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरांना पुरवणारी सामाईक नळी; इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. रत्नागिरीहून माल भरून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणं-येणं हेच तिचं काम. मार्चपासून तिला एक खोड लागली. साखरपा सोडून चढ लागला की थोड्या वेळाने दम जायचा, चेक लाइट लागायची आणि गाडी लिम्प मोडमध्ये जायची, म्हणजे इंजिन जपण्यासाठी ताकद आपोआप कमी व्हायची. दहा-पंधरा मिनिटं बाजूला उभी केली की पुन्हा चांगली पळायची. गॅरेजमध्ये नेली तर काहीच दाखवायची नाही. बिघाडाचा कोड मात्र दरवेळी तोच, पी ००८७, म्हणजे रेलमधलं प्रेशर कमी.

एका ठिकाणी थेट हाय प्रेशर पंप बदलायला सांगितलं. तो खर्च करण्याआधी मी ईएलएम ३२७ धर्तीचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, हजार रुपयांच्या आतला. तो गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावला की इंजिनचे आकडे मोबाइलवर दिसतात. तेव्हापासून तो वापरतोय.

पी ००८७ एवढंच सांगतो की इंजिनच्या संगणकाने मागितलं तेवढं प्रेशर रेलमध्ये आलं नाही. का आलं नाही, हे तो सांगत नाही. टाकीतली जाळी, फिल्टर, चिरेतून हवा आत घेणारी डिझेलची नळी, पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह, खुद्द पंप, गळणारा इंजेक्टर, खराब सेन्सर, यातलं काहीही असलं तरी कोड हाच येऊ शकतो. म्हणून नुसता कोड वाचून पुसून टाकण्यासाठी हे यंत्र घेत असाल तर घेऊ नका. खरा उपयोग चालत्या गाडीत आलेख नोंदवण्याचा आहे.

मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मी तीनच गोष्टी ठेवतो: रेल प्रेशर, आरपीएम आणि इंजिन लोड. दहा-बारा गोष्टी एकदम निवडल्या की आकडे इतके सावकाश येतात की नेमका पडण्याचा क्षण निसटतो. नोंद चालू करून मोबाइल खिशात टाकायचा, गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही. बघायचंच असेल तर शेजारी माणूस बसवा. अ‍ॅप प्रेशर किलोपास्कलमध्ये दाखवतं. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार. माझ्या गाडीचं आयडलला २८० बारच्या आसपास असतं आणि भरल्या गाडीने चढावर १,२०० च्या वर जातं. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, म्हणून गाडी चांगली चालते तेव्हाची एक नोंद आधी जपून ठेवा. तुलना तिच्याशीच करायची.

घाटातल्या नोंदीत जे दिसलं त्याने दिशा मिळाली. सपाटीवर सगळं ठीक. चढावर पेडल तेवढंच दाबलेलं, आरपीएमही जवळपास तेवढेच, पण प्रेशर हळूहळू उतरत गेलं आणि मग कोड पडला. असं सावकाश उतरणं मला सेन्सरचं वाटेना. एका मित्राच्या पिकअपचा आलेख शेजारी ठेवला तेव्हा हे आणखी पटलं. त्याचं प्रेशर एका क्षणात शून्याजवळ जायचं आणि लगेच मूळ जागी यायचं. खरोखर तेवढं पडलं असतं तर इंजिन तिथेच बंद पडलं असतं. त्याच्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी जाऊन पिन हिरवी पडली होती. कनेक्टर साफ केला, काम झालं.

माझ्या गाडीत डिझेल कमी पडतंय की पंप थकलाय, हे मात्र स्कॅनर सांगू शकला नाही. त्यासाठी मिस्त्रींनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला चालणारी पारदर्शक नळी बसवली. ओढीच्या बाजूला बारीक चीर असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, गाडी आत एअर घेते. आमच्या नळीत सपाटीवर बुडबुडा नव्हता, चढावर मात्र बारीक फेस दिसला. ओढ अडली तरीही असा फेस येऊ शकतो, म्हणून पुढची पायरी: मागे पक्क्या बांधलेल्या कॅनमधून डिझेल दिलं, उरलेलं डिझेल परत आणणारी रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडली आणि त्याच चढावर गेलो. प्रेशर अजिबात हललं नाही. पंप, रेल आणि इंजेक्टर सगळे तेच, बदलली होती फक्त टाकी आणि तिथून येणारी नळी.

टाकी उतरवली. आतल्या जाळीवर काळपट, बुळबुळीत थर होता. चढावर जास्त डिझेल ओढलं की तो जाळीला चिकटायचा, गाडी थांबली की सुटून खाली बसायचा. पाणी मुरलेल्या डिझेलमध्ये अशी वाढ होते. टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर नवे टाकले. सबंध पावसाळा गेला, कोड पुन्हा आलेला नाही. आता फिल्टरच्या तळाचा पाण्याचा स्क्रू मी नियमित सोडतो.

स्कॅनरच्या उणिवाही आहेत. संगणकाने किती प्रेशर मागितलं हे माझ्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही, फक्त मिळालेलं दिसतं. मीटरिंग व्हॉल्व्ह किती उघडलाय, कुठल्या इंजेक्टरचं डिझेल संगणक किती कमी-जास्त करतोय, हे कंपनीच्या स्कॅनरवरच कळतं. ब्लूटूथ अधूनमधून तुटतं आणि तेवढी नोंद जाते. रात्री तो सॉकेटमध्ये राहू देऊ नका, बॅटरी थोडी थोडी खात राहतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या इंजिनात चालू गाडीवर नोझलचा पाइप सैल करून बघायची सवय अनेकांना आहे. कॉमन रेलवर ते कधीही करू नका. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून थेट आत घुसते; जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

अलीकडे इंजिन तापलेलं असताना स्टार्टर थोडा जास्त वेळ मारावा लागतो, आणि त्या वेळी आलेखात प्रेशर चढायला उशीर दिसतो. घाटात मात्र काहीच त्रास नाही. पुढच्या आठवड्यात चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला बाटल्या लावून कोण जास्त डिझेल परत सोडतंय ते बघणार आहोत.