२८/४ फ्लोटिंग फीड: तरंगण्याचे जादा पैसे वसूल होतात का?

शेततळ्यात पंगस किंवा तिलापिया असेल तर होतात. माशांच्या या तरंगत्या खाद्याच्या गोणीवरच्या २८/४ चा अर्थ २८ टक्के प्रथिनं, ४ टक्के स्निग्धांश. बुडणाऱ्या दाण्यापेक्षा ही गोणी महाग पडते, पण मासे वर येऊन खातात, भूक किती ते दिसतं आणि हात वेळेवर आखडता येतो. बुडणारा दाणा उरला तर तळाशी कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागले की मग कळतं.

तरंगणं ही यंत्राची करामत. एक्स्ट्रूडरमध्ये मका, गहू, तांदळातला स्टार्च दाबाखाली, शंभर अंशांच्या वर शिजतो. डायच्या (टोकाच्या साच्याच्या) भोकातून बाहेर पडताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि दाणा कुरमुऱ्यासारखा फुलतो. निवताना स्टार्च कडक होऊन त्या पोकळ्या धरून ठेवतो. त्यासाठी साधारण २० टक्के स्टार्च लागतोच. तो कमी पडला किंवा मिश्रणात तेल जास्त झालं की दाणा नीट फुलत नाही. म्हणून जादा तेल वाळवल्यानंतर वरून फवारतात. याच मालाचा दाणा साध्या पेलेट मिलमध्ये नुसता दाबून काढला तर तळ गाठतो.

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. १ लिटरचं माप न ठोकता भरा आणि वजन करा. दाणे ४५० ग्रॅमच्या आत भरले तर गोड्या पाण्यात तरंगतील, ६०० च्या वर गेले तर बुडतील. (लिटरभर पाण्याच्या हजार ग्रॅमशी तुलना नको, मापात दाण्यांमधली हवाही आली.) मधलं वजन फसवं असतं. तेव्हा तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत १०० दाणे टाका आणि अर्ध्या तासाने वर किती उरले ते मोजा.

उणिवाही आहेत. गोणीच्या तळाशी भुकटी निघते. मासे ती खात नाहीत, पाणी मात्र खराब होतं, तेव्हा चाळून घ्या. वारा सुटला की दाणे काठाला लागतात. दोन इंची पीव्हीसी पाइपचा, टोकं बंद केलेला चौकोन तरंगत ठेवून त्यातच खाद्य टाका.

मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे तळाशी चरणारे. त्यांचा वाटा बुडणाऱ्या दाण्यात, ट्रेमधून द्यावा. वनामी कोळंबीला तर हे खाद्य नकोच.

सरासरी २०० ग्रॅमचे १००० मासे म्हणजे २०० किलो; वजनाच्या अडीच टक्क्यांनी रोज ५ किलो खाद्य, दोन वेळांत. १५-२० मिनिटांत संपलं नाही तर पुढच्या वेळी कमी करा. ढगाळ दिवशी तर हात आखडताच ठेवा. बोटुकलीला (बोटाएवढ्या पिलाला) मात्र मोठ्या माशांचा ४ मिमीचा दाणा तोंडात मावत नाही, तिच्यासाठी १ ते २ मिमीचा वेगळा घ्यावा लागतो.