चाकांचा पार्टी स्पीकर: किशोरवयीन मुलांच्या पार्टीत किती कामाचा?

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांची पार्टी ठरली की खरेदीच्या यादीत हल्ली सगळ्यात वर असतो तो चाकं, हँडल, रंगीत दिवे आणि माइक असलेला मोठा पार्टी स्पीकर. हे परीक्षण कुठल्या एका मॉडेलचं नाही, या प्रकारच्या स्पीकरचं आहे. कसोटी एकच: वीस-पंचवीस मुलं, तीन तास, एक मोठी खोली किंवा मोकळी जागा. मत आधीच सांगून टाकतो. वस्तू कामाची आहे, पण खोक्यावर जे ठळक छापलेलं असतं त्यासाठी नव्हे. वॉट आणि दिव्यांपेक्षा माइक जास्त उपयोगी पडतो, आणि गाणी कोणाच्या फोनवरून वाजणार हे न ठरवल्यास महागातला स्पीकरही पार्टीचा विचका करतो.

हजारो वॉटच्या आकड्याकडे साफ दुर्लक्ष करावं. तो बहुधा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो आणि तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. बघायचा तो आरएमएस वॉटचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा. तोही दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट होत नाही: ५० चे १०० वॉट झाले की ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. बंद खोलीत ४० ते ६० वॉट आरएमएस आणि आठ इंची वूफर, म्हणजे बेस वाजवणारा भाग, पुरेसा होतो. उघड्यावर गणित वेगळं. तिथे भिंतींवरून आवाज परतत नाही, अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल घटतात आणि बेस विरून जातो. म्हणून दहा इंची वूफर घ्यावा आणि स्पीकरची पाठ एखाद्या भिंतीला लावावी. दहा-बाराच मुलं असतील तर हे धूड हवंच कशाला? छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर भागतं.

चाकं असली तरी तो जमिनीवरच ठेवायचा असं नाही. जमिनीवर ठेवला की पुढच्या रांगेच्या पायांना बेस आणि मागच्यांना नुसती गुणगुण. भक्कम, न हलणाऱ्या टेबलावर दोन-अडीच फूट उंच ठेवला की शब्द स्वच्छ ऐकू येतात. खाली जाड चटई घातली तर फरशीतून शेजाऱ्यांकडे जाणारी धडधडही कमी होते. कोपरा टाळावा, तिथे बेस घुमतो आणि गाण्याचे शब्द गिळतो. बेसला खडखड ऐकू आली तर स्पीकर फाटला असं लगेच समजू नये. पुष्कळदा मागचं ओढायचं हँडल सैल असतं आणि चिकटपट्टीच्या एका वेढ्याने प्रश्न मिटतो.

आता माइक. या वयात निम्मी मुलं नाचायला लाजतात, पण कॅरिओकी, प्रश्नमंजूषा किंवा नुसतं कोणाचीतरी नक्कल करायला माइक हातात आला की हळूहळू खुलतात. त्यामुळे एका माइकचा संच घेऊ नये, दोन हवेतच. जोडीने गायला लाजरी मुलंही तयार होतात. माइक आणि गाणं यांच्या आवाजाची बटणं वेगवेगळी आहेत ना, हे दुकानातच बघावं. नसतील तर तो स्पीकर सोडून द्यावा.

माइक किंचाळतो त्याची कारणं ठरलेली. स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि चक्र सुरू होतं. गाणाऱ्याने स्पीकरच्या पुढे नव्हे, बाजूला किंवा किंचित मागे उभं राहावं आणि माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरावा. सगळ्यात मोठी खोड म्हणजे रॅपरसारखं माइकची जाळी मुठीत पकडणं. माइक मुख्यतः समोरचा आवाज घ्यावा म्हणून जाळीच्या मागच्या बाजूला फटी ठेवलेल्या असतात. त्या मुठीत बंद झाल्या की तो चहूबाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी सुरू होते. एकोचं बटण मुलं शेवटपर्यंत फिरवतात. बोलण्यासाठी ते जवळजवळ बंद आणि गाण्यासाठी पाव ठेवावं. ‘माइक प्रायॉरिटी’ची सोय असेल तर ती घोषणांपुरतीच चालू करावी. गाताना ती चालू राहिली तर प्रत्येक ओळीला मागचं संगीत दबतं आणि गाणारा गोंधळतो.

ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा पोचतो, बहुधा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. कॅरिओकीत त्याचा फारसा त्रास नाही, कारण माइकचा आवाज थेट स्पीकरमध्येच मिसळतो. पडद्यावरच्या तालावर पावलं टाकायच्या खेळात मात्र सगळं बिनसतं. तिथे ऑक्सची तार, म्हणजे फोन थेट स्पीकरला जोडणारी तार लावावी. अनेक नव्या फोनना हेडफोनचं भोक नसतं, तेव्हा टाइप-सीचा जोड आदल्या दिवशी जोडून बघितलेला बरा.

खरी कटकट फोनची. बऱ्याच स्पीकरना पासवर्ड नसतो, आणि कोणीतरी मधेच आपला फोन जोडतं. गाणं तुटतं, वाद होतो, नाचणारा घोळका पांगतो. एक जुना फोन किंवा टॅब फक्त यासाठी ठेवावा. त्यावर गाणी आधीच उतरवून घ्यावीत, विमान मोड लावावा आणि मग फक्त ब्लूटूथ चालू करावा. म्हणजे मधे फोनची रिंग नाही, मेसेजची टिंगटिंग नाही, जाहिरात नाही. प्रत्येकाकडून आधी दोन गाणी मागवावीत. पंचवीस जणांची पन्नास गाणी, साडेतीन मिनिटांच्या हिशोबाने जवळपास तीन तास भरतात. नाचाची गाणी एकत्र लावावीत, एक संथ आणि एक जलद असं नाही. पहिला अर्धा तास नाचाची गाणी लावूच नयेत, तेव्हा मुलं फक्त कोण आलं आहे ते बघत असतात.

आवाज किती? ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणासाठी वापरली जाणारी एक मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशोबाने ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. हे स्पीकर जवळून १०० सहज गाठतात. हातभर अंतरावरच्या मित्राशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. व्हॉल्यूमच्या चकतीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा कराव्यात, एक गप्पांची, एक नाचाची, आणि रिमोट मोठ्यांनी खिशात ठेवावा. शेजारची एक खोली बिनगाण्याची असू द्यावी. अर्धी पार्टी तिथेच रंगते.

दिवे ठीकठाक. ते कमरेच्या उंचीवरून डोळ्यांत मारतात, शोभा कमी आणि त्रास जास्त. झपझप लुकलुकणारा स्ट्रोब मात्र बंदच करावा. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार असलेल्यांना झटका आणू शकतो, आणि हा त्रास मुलांत आणि किशोरवयातच जास्त आढळतो. रंग सावकाश बदलू द्यावेत आणि खोलीतला एखादा मंद दिवा चालू असावा. लख्ख उजेडात कोणी नाचत नाही, मिट्ट काळोखात तारेत पाय अडकतो.

बॅटरीचे छापील तास बहुतेक वेळा मध्यम आवाजाचे आणि दिवे बंद असतानाचे असतात. नाचाच्या आवाजाला आणि दिव्यांसह त्याचे निम्मे धरावेत. बॅटरी उतरली की आधी बेस मरतो, मग माइक तुटक होतो. तार लावून चालवणं उत्तम, पण काही स्पीकर चार्जिंगला लावले की घरघरतात, तेव्हा आधी तपासावं. माइकमध्ये सेल असतील तर प्रत्येकी एक जोडी जास्तीची जवळ ठेवावी.

वर्षातून एखाददुसरी पार्टी होत असेल तर विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावा. ताब्यात घेताना दोन्ही माइक एकदम बोलून बघावेत. एकाच फ्रिक्वेन्सीवर असले तर एक गप्प होतो किंवा दोघेही खरखरतात. विकत घेतलाच आणि आत लेड-ॲसिड बॅटरी असली तर ती रिकामी ठेवून माळ्यावर टाकू नये. वापर नसला तरी महिन्या-दोन महिन्यांनी पूर्ण चार्ज करावा, नाहीतर पुढच्या पार्टीला तो तार लावल्याशिवाय बोलणार नाही.