कांतिगास दे सांता मारिया: रिको उघडावा की संगीतकारांचा कोडेक्स?

‘कांतिगास दे सांता मारिया’ म्हणजे येशूची आई मारिया हिच्यावरची गाणी. कास्तिलचा राजा दहावा अल्फोन्सो (राजवट १२५२ ते १२८४) याच्या दरबारातल्या या चारशेच्या वर गाण्यांची चार हस्तलिखितं उरलीत, पण गायला शिकायचं म्हटलं तर खरी निवड स्पेनमधल्या एस्कोरिआल मठाच्या ग्रंथालयातल्या दोघांतच आहे, एक रिको आणि दुसरा संगीतकारांचा कोडेक्स (कोडेक्स म्हणजे हस्तलिखित ग्रंथ). तोलेदोची प्रत, जी आता माद्रिदला असते, ती सव्वाशेच्या आसपास गाण्यांवर थांबते आणि फ्लोरेन्सच्या प्रतीचं पुढे सांगतोच.

चित्रांसाठी रिको, यात वादच नाही. गाण्यागणिक पानभर सहा चौकटी, प्रत्येकीवर ओळभर मजकूर, आणि पाचवं, पंधरावं, पंचविसावं अशा गाण्यांना तर बारा. चौऱ्याहत्तरावं जरूर बघा, चित्रकार सैतानाला कुरूप रंगवतो म्हणून सैतान चिडून त्याच्या पायाखालची परांची पाडतो आणि हा नुसत्या कुंचल्याच्या आधारावर वर लटकून राहतो. गाण्यांची भाषा गालिसियन-पोर्तुगीज, तिचा एक शब्द येत नसला तरी गोष्ट कळते.

संगीतकारांच्या कोडेक्समध्ये असली गोष्ट सांगणारी चित्रं नाहीत. दर दहावं गाणं मारियाच्या स्तुतीचं आणि त्याच्याशी एक छोटं चित्र, त्यात वादक, बहुतेक वेळा दोघं. रबाब, ऊद, बॅगपाइप, हँडल फिरवून वाजवायचं तंतुवाद्य, सगळं बारकाईने काढलंय. ही वाद्यं गाण्याच्या साथीला वाजायचीच असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. रिको दोनशेच्या अलीकडेच संपतो. पुढची गाणी त्याच्या दुसऱ्या खंडात यायची होती, तोच हा फ्लोरेन्सचा, आणि त्यात स्वरांसाठी रेघा आखून ठेवल्यात पण त्यांवर स्वर एकही नाही! चित्रंसुद्धा कितीतरी अर्धवट. म्हणजे गोष्ट आवडली, शब्द समोर आहेत, आणि गायचं काय तर काहीच नाही, मग चालीसाठी संगीतकारांच्या कोडेक्सकडे जा, तर तिथे त्याच गाण्याचा नंबर वेगळा, आधी ते जुळवत बसा. रियाजाला बसल्यावर हे सारखं व्हायला लागलं की गाण्यातून मनच उडतं, निदान माझं तरी.

रिकोतल्याच गाण्यांत रमणार असाल तर काही अडणार नाही, त्यात चाली आहेत. प्रत्येकाची आवड वेगळी, हेही मान्य. पण जवळपास सगळी गाणी चालींसकट एका जागी फक्त संगीतकारांच्या कोडेक्समध्ये मिळतात, त्यामुळे गायला मी तोच उघडतो आणि रिको नंतर निवांत बघतो. सुरुवात दहाव्या गाण्यापासून करा, ‘रोसा दास रोसास’, ध्रुवपद लगेच तोंडात बसतं.